हळू, बाबा झोपलेत

रिक्षा फाटकाशी थांबली तेव्हा मंदाबाईंच्या केसांना अजून वॉटर पार्कातल्या पाण्याचा औषधी वास येत होता. एक पाय रिक्षात आणि एक खाली, अशा अवस्थेतच त्यांनी वाडीत नजर टाकली. माडाखाली मुलाची, धीरजची गाडी. ओटीवर चपलांचा ढीग. त्यात लेकीच्या, चारूच्या उंच टाचांच्या चपला, सुनेचे कंपनीत घालायचे काळे बूट, आणि सगळ्यात पुढे, मधोमध काढून टाकलेल्या, इंदू वन्संच्या रबरी सपाता.

"भरली बघा सभा," मंदाबाई म्हणाल्या.

"कुणी गेलंबिलं का?" प्रतापराव पिशव्या उतरवत म्हणाले.

"आपणच गेलो होतो. कुठे, ते विचारायला आलेत."

प्रतापरावांनी रिक्षावाल्याला वाटेला लावलं. मनगटावरचा पार्कातला निळा पट्टा सफाळे स्टेशनपासून ते ओढून बघत होते. ओला झाला, पाण्यात भिजला, पण मेला तुटत नव्हता. शेवटी त्यांनी तो सदऱ्याच्या बाहीत सरकवला आणि बाहीचं बटण लावलं. ते पाहून मंदाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. जन्मभर प्लांटात राबून स्वतः बांधलेल्या घरात शिरताना हा माणूस चोरासारखा पट्टा लपवतो! त्यांनी आपल्या हातातल्या बांगड्या मागे सारल्या, म्हणजे त्यांचा पट्टा सगळ्यांना नीट दिसेल.

"आले! आले बघा राजा-राणी!" इंदू वन्सं बाहेरच्या खोलीतल्या झोपाळ्यावरूनच ओरडल्या. वन्सं म्हणजे प्रतापरावांची थोरली बहीण. शेजारच्याच वाडीत एकट्या राहायच्या, आणि एडवणात कुणाचं दूध नासलं तरी आधी त्यांना कळायचं. "काल सकाली आलवाचा फदफदा द्याला आले, तं दाराला कुलूप! हाका मारून घसा सुकला माजा. फोन बंद. म्हटलं परतापला बीपी हाय, कुठं हॉस्पिटलात नेला का काय. देवीला नारल बोलले मी! आनि तुमी काय करीत होते? घसरगुंडी!"

"धीरजला सांगून गेलो होतो, वन्सं."

"काय सांगून गेला होतात?" धीरज आतल्या दारातून बाहेर आला. बोईसरच्या एका केमिकल कंपनीत त्याच्या हाताखाली पन्नास माणसं होती आणि घरीही तो त्याच आवाजात बोलायचा. "केळव्याला जातो, देवीचं दर्शन घेतो, रात्री तिथेच राहतो. हेच ना? आणि मग हे काय?"

त्याने मोबाईल समोर धरला. मंदाबाईंना बघायची गरज नव्हती. तो फोटो त्यांनीच पाठवला होता. पाठवला होता ज्ञानेश्वरीबाईंना, मुरब्याच्या शाळेतल्या त्यांच्या जुन्या सोबतिणीला. पण ओल्या बोटाने तो जाऊन पडला 'सावे परिवार' या ग्रुपवर. तिथे सुनेचे आईवडील, चारूचे सासू-सासरे, दीर-नणंदा, पार सुरतचे चुलत व्याही. फोटोत दोन माणसांची पिवळी रबरी ट्यूब उंच घसरणीवरून सुटलेली, पुढे मंदाबाई, मागे प्रतापराव. अंगात पार्कात भाड्याने मिळतो तो नायलॉनचा पोशाख, बाईंचे पाय गुडघ्यापर्यंत उघडे, आणि तोंड इतकं वासलेलं की दाढेतली चांदीसुद्धा दिसावी.

"माझ्या सासऱ्यांनी खाली अंगठा टाकलाय, आई," चारू रडवेल्या आवाजात म्हणाली. ती वसईहून आली होती. तिचं पाच महिन्यांचं बाळ आतल्या खोलीत झोपलं होतं, म्हणून ती कुजबुजतच भांडत होती. "सासूबाई म्हणाल्या, तुझ्या आईला बाळ सांभाळायला झेपेल का विचारत होतीस ना? झेपेल हो, चांगलं झेपेल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"त्यात मरण्यासारखं काय? माझे पाय दिसले म्हणून?"

"खोटं बोललात म्हणून!" धीरज म्हणाला. "देवीचं नाव घेऊन खोटं बोललात. या वयात! उद्या काही झालं असतं तर लोकांनी आम्हाला विचारलं असतं, मुलं कुठे होती?"

खोटं! हा शब्द त्याने उच्चारला आणि मंदाबाईंनी हातातली पिशवी जमिनीवर ठेवली. हळूच ठेवली. सगळं हळूच करायची त्यांना सवय होती.

ती सवय कुठून आली हे या घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. प्रतापराव प्लांटात शिफ्टला. रात्रपाळी करून सकाळी कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये यायचे तेव्हा मंदाबाई मुरब्याच्या शाळेत जायला निघालेल्या असायच्या. दुपारपाळी असली की त्या घरी यायच्या आणि ते गेलेले असायचे. कधी कधी बोईसरच्या नाक्यावर बाईंची एसटी आणि त्यांची प्लांटची बस समोरासमोर येई. मग त्या खिडकीतून हात करीत आणि तेही करीत, आणि त्या दिवशीचा संसार तेवढाच. दिवसा ते झोपलेले असले की खिडकीच्या काचांना काळा कागद, दारावरची घंटा काढून ठेवलेली, कुकर शेजारणीकडे नेऊन लावायचा. धीरज पडला, गुडघा फुटला, तरी आईच्या पदरात तोंड खुपसून रडायचा. चारू आयुष्यात पहिलं अख्खं वाक्य बोलली ते 'हळू, बाबा झोपलेत' हे. कॉलनीत सगळे कौतुक करायचे, सावेबाईंची मुलं किती शहाणी, घरात पोरं आहेत असं वाटतसुद्धा नाही. शाळेत पोरांवर ओरडून ओरडून बाईंचा आवाज बसे. पण उंबरठा ओलांडला की बसलेला आवाजही आणखी खाली येई.

निवृत्त झाल्यावर ती दोघं एडवणला आली, वडिलोपार्जित वाडीत हे लहानसं घर बांधलं, आणि पहिल्यांदा एका वेळी जेवायला बसली. बस, एवढंच त्यांचं सुख. सकाळी ओटीवर बसून चहा, संध्याकाळी समुद्रापर्यंत चक्कर, आणि परत येताना कुणाचा तरी विषय काढून भांडण.

दोन रविवारांपूर्वी धीरज आणि चारू दोघं मिळून आले. "आईबाबा, आम्ही तुमची सोय लावलीय," धीरज म्हणाला. पहिल्या तारखेपासून बाबांनी बोईसरला त्याच्याकडे यायचं, नातवाला, इंद्रजीतला शाळेच्या बसवर सोडायचं, आणायचं. आईने वसईला चारूकडे जायचं, कारण चारूची रजा संपत आलीय आणि बाळाला पाळणाघरात टाकायची तिची छाती होत नाही. आणि वाडी-घर केळव्याच्या रूपेशला चालवायला द्यायचं, तो समुद्रावर येणाऱ्यांसाठी होमस्टे करणार. 'सोय.' अशी सोय लोक म्हशींची लावतात, एक तुझ्या गोठ्यात, एक माझ्या. तरीही त्या दिवशी मंदाबाई गप्प बसल्या. चहा केला. खारी दिली. कारण स्वयंपाकघरात मागून येऊन धीरज कानाशी म्हणाला होता, "आई, बाबांचीच इच्छा आहे ही. इथे त्यांना करमत नाही, बोईसरला प्लांटातले मित्र आहेत. तुला वाईट वाटेल म्हणून बोलत नाहीत."

करमत नाही! म्हणजे एवढी वर्षं वाट बघून जे मिळालं, ते ह्या माणसाला करमत नाही! बाई त्या रात्री भिंतीकडे तोंड करून झोपल्या, आणि पुढचे दहा-अकरा दिवस त्यांनी नवऱ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. प्रतापरावही गप्प. मग एका सकाळी ते आपणहून म्हणाले, "मंदा, तू जायच्या आधी एकदा कुठेतरी जाऊन येऊ. ते मोठं पार्क आहे ना, आपण इंद्रजीतच्या वाढदिवसाला गेलो होतो आणि बाहेर पिशव्या सांभाळत बसलो होतो, तिथे." मंदाबाईंना वाटलं, ही आपली पाठवणी. जाऊ, तीही घेऊ करून.

आणि काल दुपारी, त्या पिवळ्या ट्यूबच्या रांगेत, घसरणीच्या माथ्यावर, तिथली शिट्टी गळ्यात घातलेली मुलगी म्हणाली, "आजी, एकट्याला सोडत नाही आम्ही. जोडी लागते. वजन एकीकडे झालं की उलटते."

"आता एकटीनेच बसायची सवय करायला हवी तिला," प्रतापराव त्या मुलीला हसत म्हणाले. पण हसणं काही जमलं नाही त्यांना.

"मी केली का ही सवय? तुम्हालाच इथे करमत नाही ना?"

"मला? कोण म्हणालं? तुलाच बाळाकडे जायचंय, माझ्यामुळे अडकून पडलीस. धीरज म्हणाला मला. माडाखाली नेऊन सांगितलं त्याने. म्हणाला, आई तुमच्यासमोर बोलणार नाही."

मंदाबाई ट्यूबमध्ये बसलेल्या होत्या. मान वळवून त्यांनी मागे येऊन बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. मला एक सांगितलं आणि ह्यांना दुसरं सांगितलं! पोटच्या पोराने! तेवढ्यात मुलीने शिट्टी वाजवली आणि ट्यूब ढकलली, आणि मंदाबाईंच्या तोंडून असा काही आवाज निघाला की खालच्या तळ्यातली माणसं माना वर करून बघायला लागली. खाली मंदाबाईंचा मोबाईल धरून उभ्या असलेल्या पार्कातल्या पोराने फोटो नेमका तेव्हाच काढला. अख्ख्या सावे परिवाराला वाटलं, बाई भ्यायल्या. बाई चिडल्या होत्या.

"खोटं म्हणालास ना, धीरज?" मंदाबाई आता म्हणाल्या. "मग खोट्याचंच बोलू. बाबांना इथे करमत नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

धीरजच्या कपाळावर आठी पडली. "आता तो विषय कुठून आला?"

"आणि मला वसईला जायची घाई झालीय, हे कधी म्हणाले मी? तू बाबांना माडाखाली नेऊन सांगितलंस ते?"

झोपाळा कुरकुरायचा थांबला. प्रियदर्शिनीने, सुनेने, हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. ती औषधाच्या कंपनीत तपासणीच्या खात्यात होती. एखादी गोष्ट जुळत नसली की तिला चैन पडत नसे.

"थांब जरा, धीरज," ती म्हणाली. "मला तू सांगितलंस, दोघं आपल्याकडे येणार होते, पण आईंनीच हट्ट धरला चारूकडे जायचा. मी वरची खोली रिकामी केली होती दोघांसाठी. पलंग आणला."

"वहिनी, दोघं कशी तुझ्याकडे?" चारूचा आवाज चढला आणि पटकन खाली आला. "दादा, तू म्हणालास वहिनीला घरात दोन माणसं जास्त नको आहेत. म्हणून तर आपण एक-एक ठरवलं!"

"मी? मी असं म्हटलं?"

"अगं, तसं नाही..." धीरज म्हणाला.

"मग कसं?" प्रियदर्शिनी उठून सासूच्या बाजूला येऊन उभी राहिली. "कसं ते सांग. इथे सगळ्यांसमोर सांग."

"बरं, दोघं वहिनीकडे गेली असती तर माझ्या बाळाचं काय?" चारू डोळे पुसत म्हणाली. "दादाला दोघं आणि मला कोणीच नाही? आई माझी पण आहे."

इंदू वन्सं आल्या होत्या त्या मुलांच्या बाजूने. काल रात्री धीरजला फोन करून 'या आनि समजावा त्यांना' असं त्यांनीच सांगितलं होतं. आता त्यांनी दोन्ही पाय जमिनीवर टेकवले.

"अरे मेल्यांनो, वाटनी वाडीची करतात! भांड्यांची करतात! आईबापाची वाटनी करतात का कुठं? एक तुला, एक मला! माजा नवरा गेला त्याला किती वरसं झाली, अजून मी सकाली दोन कप चहा टाकते चुकून. आनि तुमी जितेपनी यांना येगलं करता? आनि मला फोनवर काय सांगितलंस रे धीरज, 'आत्या, त्यांना एकटं ठेवनं बराबर नाय'! एकटं तं तूच करीत होतास!"

वन्संचा असा पाठिंबा मिळेल हे मंदाबाईंना स्वप्नातही वाटलं नव्हतं. नाहीतर लग्न झाल्यापासून त्यांच्या आमटीत वन्संनी मीठ जास्तच काढलं होतं.

धीरज भिंतीला टेकला. एकदम तो लहान दिसायला लागला. "तुम्ही कधी हो म्हणता का कशाला? हे नको, ते नको. कुणीतरी ठरवायला नको? समोरासमोर विचारलं असतं तर दोघंही नाहीच म्हणाला असतात. आणि समोर बोलायला शिकवलं कुणी आम्हाला, आई? या घरात सगळं कानातच सांगायचं ना? मार्क कमी पडले, कानात. फी भरायची राहिली, कानात. बाबांना उठवायचं नाही. मी तेच केलं. कुणाला दुखवायचं नाही म्हणून कानात सांगितलं."

हे मात्र लागलं मंदाबाईंना. खरंच होतं ते. त्यांनीच तर शिकवलं होतं. क्षणभर त्यांच्या मनात आलं, जाऊ दे, पोरांच्याही अडचणी आहेत, बाळ आहे. आतून त्या बाळाच्या तेला-पावडरीचा वास येत होता. त्यांचे हात तिकडे ओढ घेत होते.

तेवढ्यात फाटकाबाहेर मोटरसायकल थांबली आणि हॉर्न वाजला.

"कोण?" प्रतापरावांनी विचारलं.

धीरज खाली बघत म्हणाला, "रूपेश आहे. किल्ली घ्यायला. मी आजचं बोललो होतो त्याला. खोल्या मोजायच्यात, रंगाचं बघायचंय." मग त्याला वाटलं आई काहीच बोलत नाही म्हणजे नेहमीसारखं मान्य आहे. "आई, चिडून काही होत नाही. आत्ता फक्त बघू दे त्याला. उरलेलं आपण शांतपणे बोलू."

"आजचं बोललास? आम्ही घरात नसताना?" मंदाबाईंचा आवाज वर चढला. "आमचं घर, आमची वाडी, आणि आम्ही पार्कात आहोत हे कळल्यावरसुद्धा तू त्याला बोलावलंस? आम्हाला खोटं म्हणायला बसलास आणि..."

"आई, हळू!" धीरज म्हणाला. सवयीनेच. त्याने बोट ओठांवर ठेवलं, अगदी क्वार्टरमध्ये ठेवायचा तसं.

आणि काय सांगावं, मंदाबाई थांबल्या! वाक्य अर्धं तोंडातच राहिलं. एवढ्या वर्षांचं वळण ते. त्यांना स्वतःचाच असा राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

प्रतापराव खुर्चीत बसले होते. त्यांनी सदऱ्याच्या बाहीचं बटण काढलं, बाही कोपरापर्यंत वर केली. निळा पट्टा दिसायला लागला.

"बोल, मंदा," ते म्हणाले. "मी जागा आहे."

एवढंच. मंदाबाई ओटीवर गेल्या, चपलांच्या ढिगाशी उभ्या राहिल्या, आणि कालच्या घसरणीवर काढला होता त्याच आवाजात त्यांनी हाक दिली.

"रूपेश! किल्ली मिळायची नाही! हे घर रिकामं नाही! इथे दोन माणसं राहतात! दोन! आणि दोघं जातील तिथे दोघंच जातील! बोईसरला बोलावलं तर दोघं, वसईला बोलावलं तर दोघं, आणि परत येतील ती इथेच! धीरजने तुला काय कानात सांगितलं असेल ते विसर! मी तोंडाने सांगते! नाही म्हणजे नाही!"

माडावरचे कावळे उडाले. शेजारच्या वाडीत पंपाशी काम करणारा माणूस कुंपणाशी येऊन उभा राहिला. रूपेशने फाटकाबाहेरूनच हात जोडल्यासारखं काहीतरी केलं, मोटरसायकल वळवली आणि केळव्याच्या रस्त्याला लागला.

"गो माये," इंदू वन्सं म्हणाल्या. "सातपाटीपरत गेला असेल आवाज."

धीरज खुर्चीत बसला. प्रियदर्शिनी त्याच्याजवळ गेली नाही. चारू दारात उभी राहून आईकडे अशी बघत होती, जणू ही बाई तिने आधी कधी पाहिलीच नव्हती. आणि मग आतल्या खोलीतून बाळ दचकून उठलं आणि त्याने भोकाड पसरलं.

"उठवलंस ना त्याला!" चारू आत धावली. "शूऽ शूऽ, हळू रे राजा, हळू..."

मंदाबाई तिच्या मागून आत गेल्या. बाळ तिच्या हातातून काढून त्यांनी आपल्या खांद्यावर घेतलं. त्याचे ओले गाल त्यांच्या पार्काच्या वासाच्या केसांना लागले. बाहेर येऊन त्या प्रतापरावांच्या खुर्चीशी उभ्या राहिल्या आणि बाळाच्या पाठीवर थोपटत म्हणाल्या,

"रड रे बाळा. हवा तेवढा रड. आजोबा जागे आहेत."